तिसऱ्या मजल्यावरचे न दुखणारे गुडघे

आमच्या आत्याला अर्धं शहर ‘गुडघेबाई’ म्हणायचं. ती ज्या संशोधन केंद्रात कामाला होती, तिथे उतारवयात डोळे, हाडं आणि सांधे मुळात बिघडतात कशामुळे, याचा शोध चालू होता. त्यासाठी सहाशे माणसं निवडलेली होती. आत्याने दर दोन वर्षांनी त्यांच्या घरी जायचं, चाळीस प्रश्न विचारायचे, नजर तपासायची आणि एक्स-रेसाठी केंद्राची गाडी कधी येईल ते सांगायचं.

आत्या शिकलेली बेताचीच, पण तिच्या डोळ्यांत धूळ फेकणं महाकठीण. एक आजी नजर तपासायचा तक्ता दर वेळी धडाधड वाचायच्या. आत्याला शंका आली. पुढच्या वेळी तिने तक्त्याची कोरी बाजू पुढे करून तो टांगला. आजींनी तोही शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, एक अक्षर न चुकता वाचला. “दोन वर्षं तयारी केली हो,” वर कौतुकाची वाट बघत म्हणाल्या. आत्याने कागदावर लिहिलं : स्मरणशक्ती उत्तम.

अशा या आत्याला एका माणसाने मात्र साफ गुंडाळलं. तो म्हणजे घड्याळजी. वय अठ्ठ्याहत्तर, एकटा जीव, राहायला तिसऱ्या मजल्यावर, आणि जन्म गेला घड्याळं दुरुस्त करण्यात. त्यांचं दार नेहमी नुसतं लोटलेलं असायचं आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे.

“जिना चढता-उतरताना गुडघे दुखतात का?” हा तेविसावा प्रश्न.

“छे! अजिबात नाही,” घड्याळजी या खेपेला म्हणाले.

इकडे त्यांचा एक्स-रे बघून केंद्राच्या प्रमुख डॉक्टरीणबाई चक्रावल्या. गुडघ्यातली गादी पार झिजून हाडावर हाड घासत होतं. असा माणूस ‘आई गं’ म्हटल्याशिवाय उठू शकत नाही, आणि हा म्हणतो अजिबात नाही! नक्कीच यांच्या रक्तात दुखणं मारणारं काहीतरी असणार. घरी जाऊन तीनदा रक्त आणलं गेलं. बाईंनी लेख लिहायला घेतला. शेवटी घड्याळजींना बघायला एक मोठे प्राध्यापक लांबून यायचे ठरले.

त्या सकाळी नेमका गाडीचा चालक रजेवर. डॉक्टरीणबाई आत्याला म्हणाल्या, “तुम्हीच त्यांना रिक्षाने घेऊन या. दहाच्या आत.”

आत्या नऊलाच पोचली. “चला, घड्याळजी.”

“आधी चहा.”

चहा झाला. मग चष्मा हरवला, तो कपाळावर सापडला. मग खिडकी बंद करायची होती. मग ते म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.”

आत्या पुढे झाली नाही. ती त्यांचे बूट शोधायला लागली. बूट पलंगाखाली मिळाले, आणि उजव्या बुटात कोळ्याने संसार थाटलेला होता. मग तिला खिडकीच्या गजाला बांधलेली टोपली दिसली, तिची दोरी तीन मजले पुरेल एवढी लांब.

आत्या खुर्चीसमोर बसली. “घड्याळजी, जिना शेवटचा कधी उतरलात?”

“गाडी आली होती तेव्हा.”

“स्वतःच्या पायांनी?”

घड्याळजींनी छताकडे पाहिलं. “तुमचा चालक आणि खालचा न्हावी, दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. आणि केंद्राच्या दारात चाकाची खुर्ची सगळ्यांनाच देतात.”

“आणि स्वतःच्या पायांनी?”

“चौदा महिने झाले.”

“अहो, मग मला दुखत नाही म्हणून का सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत, जिन्यावर दुखतात का. जिन्यावर जातोय कोण?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि खरं सांगू? दुखत नाही म्हटल्यापासून तुम्ही लोक तीनदा आलात. पहिल्यांदा दुखतं म्हटलं होतं, तेव्हा गोळी लिहून दिलीत आणि दोन वर्षं फिरकला नाहीत.”

आत्याने बुटातला कोळी झटकला, दुसरा चहा केला आणि एकटीच परत आली.

प्राध्यापक येऊन बसले होते. “कुठे आहेत ते?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तिसऱ्या मजल्यावर. चौदा महिने.”

आत्याने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. प्राध्यापक मात्र इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाईंना ते हसणं झोंबलं. “बावीस वर्षं हे काम करताय, आणि एवढं लक्षात आलं नाही?”

“चुकलंच माझं,” आत्या म्हणाली. “बसलेल्या माणसाला जिन्याचं विचारत बसले. पण बाई, प्रश्नही चुकलाय. ज्यांचे गुडघे फार दुखतात, ते जिना सोडतात. आणि सोडला की आपल्या कागदावर ते ठणठणीत होतात.”

हसणारे प्राध्यापक वही काढून लिहायला लागले.

मग आत्या तेविसाव्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या एकेकाच्या घरी पुन्हा गेली. एक बाई दोन वर्षं खालच्या खोलीत झोपत होत्या आणि नवरा घोरतो असं जगाला सांगत होत्या. नवरा बिचारा घोरतच नव्हता, पण बायकोच्या गुडघ्यांपायी बदनामी सोसत होता. एका मास्तरांनी तर गच्चीवरच्या कुंड्या शेजाऱ्याला देऊन टाकल्या होत्या, ‘फुलांचा कंटाळा आला’ म्हणून. असे एकोणीस निघाले. लेख रद्द झाला, प्रश्न बदलला. आता आधी ‘शेवटचा जिना कधी चढलात’ असं विचारायचं ठरलं. नव्या प्रश्नावर लेख झाला, त्यात आत्याचे आभार मानले गेले. घरात आम्ही ते पान इतक्यांना दाखवलं की त्याचे कोपरे गेले.

पुढे घड्याळजींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. झिजलेलं हाड बरणीत घालून तपासणीसाठी केंद्रात आलं. महिन्याभरात काठी टेकत घड्याळजीही आले, डोळ्याला भिंग लावून. “माझा भाग आहे, बघायचा हक्क आहे माझा,” म्हणाले. बराच वेळ त्यांनी बरणी फिरवून फिरवून पाहिली.

“आतल्या बाजूनेच गेलाय. बाहेरची बाजू जवळजवळ नवी आहे. सगळा भार एकाच बाजूला पडत होता. घड्याळाचं चाक तिरकं बसलं की अस्संच होतं. हे आधी विचारलं असतंत तर रक्ताच्या तीन बाटल्या वाचल्या असत्या.”

डॉक्टरीणबाईंनी घड्याळजींसाठी खुर्ची ओढली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हाडाची बरणी पुढे सरकवली.