चिंचवडच्या वेळेवरची शाळा

मुलीला चौथी घरीच शिकवायची, असं मी ठरवलं तेव्हा आमचं घर म्हणजे एक मालवाहू जहाज होणार होतं. माझे यजमान त्यावर इंजिनिअर. बिऱ्हाड चिंचवडला, पण ते वर्षातून जेमतेम दोन महिने तिथे असायचे. मुलगी तिसरी पास झाली त्या उन्हाळ्यात कंपनीने कुटुंबाला बरोबर न्यायची परवानगी दिली. सुएझचा कालवा तेव्हा बंद होता. आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायचं, बंदरं घेत फिरायचं आणि तसंच परत यायचं, म्हणजे शाळेचं अख्खं वर्ष समुद्रावर.

"मग पाचवीत कोण घेणार हिला? मासे?" सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. हायस्कूलच्या मुख्याध्यापिका बाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, "चौथीचा दाखला नसेल तर मी स्वतः परीक्षा घेईन. जमलं तर पाचवी, नाही तर पुन्हा चौथी." मी यजमानांना स्पष्ट सांगितलं, "वर्ष वाया गेलं तर यापुढे तुम्ही एकटेच जायचं. आम्ही इथेच." ते "बरं" म्हणाले आणि बॅग भरत राहिले. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

मी शिक्षिका नव्हे. लग्नाआधी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. कोणता माल कुठल्या फळीवर, हे मला झोपेतही सांगता येई. तशीच शाळा लावली. सकाळी गणित, मग भाषा, मग भूगोल, शुक्रवारी उजळणी. जागा म्हणजे जेवणाची खोली. तिथल्या टेबलांना कडेने लाकडी पट्टी असते, जहाज कललं तरी ताटं खाली जाऊ नयेत म्हणून. त्या पट्टीने कोपर दुखायचं, पण पेन्सिल मात्र कधी हरवली नाही.

कप्तानांची बायको गोव्याची. तिचे दोन मुलगेही आमच्याच टेबलावर बसत. त्यांचे धडे टपालाने यायचे, बंदर लागलं की. पाकीट आलं नाही की त्यांना सुट्टी. माझं वेळापत्रक भिंतीवर पाहून ती म्हणाली, "ही शाळा की तुरुंग गो?" पण दुसऱ्या आठवड्यात तिने दोन्ही मुलं माझ्याकडे गणिताला बसवली आणि माझ्या मुलीचं इंग्रजी स्वतःकडे घेतलं.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते घड्याळाचं. आमच्याकडे चिंचवडला वेळ कारखान्याच्या भोंग्यावर चालते. भोंगा झाला की डबे भरायचे, भोंगा झाला की चहा टाकायचा. इथे मात्र दर थोड्या दिवसांनी जेवणाच्या खोलीबाहेर चिठ्ठी लागायची : आज घड्याळ मागे घ्यावे. पहिल्यांदा अर्धाच तास, पुढे एकेक तास. मला ते पटेचना. तास म्हणजे काय तांदूळ आहेत, वाटीभर काढून ठेवायला? शेवटी भिंतीवरचं घड्याळ जहाजाचं मानलं आणि माझ्या मनगटावरचं चिंचवडच्याच वेळेवर ठेवलं. मुलीला हा खेळ आवडला. पाढे म्हणता म्हणता माझा हात ओढून बघायची. "आई, वर्गात आता मधली सुट्टी झाली. सगळ्या डबा खात असतील." आणि आम्ही तर नुकता नाश्ता उरकलेला.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपच्या खाली, वारा उठला तेव्हा तीन दिवस भूगोल झाला नाही. चौथा दिवस आम्ही पवना आणि इंद्रायणीवर काढला. खिडकीबाहेर डोंगराएवढं पाणी आणि ही नकाशात देहू शोधत होती.

परतलो ते जूनमध्ये. मुख्याध्यापिका बाईंनी परीक्षा शाळेच्या कचेरीतच घेतली. मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण झुलत्या दाराखालून आवाज येत होता. ही धडा वाचायला लागली आणि शेजारचा वर्ग एकदम गप्प झाला. इंजिनाच्या आवाजावर बोलायची सवय. पोरगी ओरडूनच वाचत होती. "अगं, मी बहिरी नाही," बाई म्हणाल्या.

मग गणित. गाडी दापोडीहून सकाळी सातला निघाली, दुपारी एकला पोहोचली. प्रवास किती तासांचा?

आतून नुसती पेन्सिल टेबलावर टकटकत होती. हे तर तिसरीचं गणित! मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

"बाई, वाटेत घड्याळ किती वेळा मागे घेतलं?"

"मागे? कशाला मागे घेतील?"

"मग पुढे?"

"कुठेच नाही. आपल्या देशात सगळीकडे एकच वेळ."

"कलकत्त्यालासुद्धा?"

"सुद्धा."

"मग सगळीकडे सकाळ एकदमच होते?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "कलकत्त्याला आपल्याआधी उजाडतं. पण घंटा एकाच वेळी होते."

"म्हणजे तिकडची मुलं शाळेत येतात तेव्हा ऊन जास्त वर आलेलं असतं?"

"असणार. आता उत्तर सांग."

"घड्याळ हलवलं नसेल तर सहा तास."

बाई मोठ्याने हसल्या आणि त्यांनी मला आत बोलावलं. "पाचवीत घेते. सहामाहीत नापास झाली तर मागे. आणि वाचताना हळू." मी हो म्हणाले. त्यांनी दाखल्याच्या अर्जाकडे पाहिलं. "पुन्हा जाणार बोटीवर?"

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"सहामाही पास झाली तर पुढच्या उन्हाळ्यात, जवळच्या फेरीला. शाळा उघडायच्या आत परत," मी म्हणाले.

सहामाहीत ती पास झाली. गणितात चांगली, हस्ताक्षरात बेताची. निकालाच्या संध्याकाळी तिने गजराचं जुनं घड्याळ स्वयंपाकघरात आणलं, बाबांचं जहाज कुठे असेल याचा नकाशावर अंदाज घेतला आणि काटे फिरवून ते भिंतीवरच्या घड्याळाखाली फळीवर ठेवलं.

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. एकदा वर बघितलं, एकदा खाली.

"आता माणसाने जेवायचं तरी कुठलं बघून?"

"तुम्ही वरचं बघा, आजी," ती म्हणाली. "खालच्यात बाबा आत्ता चहा पितायत."


सासूबाईंनी लाटणं ठेवलं आणि खालच्या घड्याळाजवळ जाऊन वाकून पाहिलं.