मागच्या भिंतीवरचा सूर्य

आज रथसप्तमी. गच्चीवर सूर्यासमोर उतू घालवलेल्या दुधाचा करपट गंध आला आणि सदाशिव पेठेतल्या याच घरातली एक जुनी सकाळ आठवली.

मुलगा तेव्हा नुकताच हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत रुजू झाला होता. त्याने आईला, म्हणजे माझ्या पत्नीला, सुमतीला, डिजिटल कॅमेरा आणून दिला होता. मी पूर्वेच्या खिडकीशी डोळे मिटून जपास बसलो होतो. पुढ्यात शेगडीवर बोळक्यातले दूध तापत होते आणि सुमती ते ढवळत होती.

जप संपल्यावर सुमतीने छायाचित्र दाखवले. माझ्या मागच्या भिंतीवर खिडकीच्या जाळीची कमळे उमटली होती. त्यांतून दुधाच्या वाफेची सावली वर चढत होती.

"यात बाबा कुठे आहेत?" मुलाने विचारले.

"हे डोळे मिटून सूर्याला बोलावतात," सुमती म्हणाली, "आणि तो बिचारा येऊन मागे ताटकळतो. अहो, कधीतरी वळून बघा!"

मुलगा हसला. मला हसू आले नाही. अर्घ्य मी कधी चुकवले नाही, आणि दर्शन हिला व्हावे, तेही दूध ढवळता ढवळता? त्या दिवशीची खीर मला गोड लागली नाही.

आता समोर इमारत झाली. त्या भिंतीवर ऊन येत नाही. तिथे ते छायाचित्र आहे. घरी येणारा प्रत्येक जण देवघराआधी तिथेच थांबतो आणि माझा मत्सर ताजा होतो.

म्हणून आज गच्चीवर अर्घ्य देताना मी हळूच मागे वळलो. सुमती आधीच कॅमेरा रोखून उभी होती.

"अहो, हलू नका," ती म्हणाली, "आत्ता आलाय तो तुमच्या मागे."