कढीपत्त्यासाठी ठेवलेली हीट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती आत्ता आत स्वयंपाकघरात आहे आणि मी लिहिताना सारखा दाराकडे बघतोय — या वयात, चोरासारखा! चीड येते स्वतःची. पण आज सांगून टाकतो. एक मात्र आधीच बजावतो : वाचून झाल्यावर ‘जाऊ द्या हो, होतं असं’ म्हणू नका. होत नाही असं. मी ते केलं.

शॉमबर्गला आम्ही राहतो त्याशिवाय आमचं आणखी एक टाउनहाऊस होतं, भाड्यानं द्यायला. थंडीची चाहूल लागली की मी तिथं हत्यारं घेऊन हजर. बाहेरच्या नळाचा होज काढायचा, तो नळ आतून बंद करायचा, घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायचा, खिडक्यांवर प्लास्टिक ताणून हेअर ड्रायरनं घट्ट बसवायचं. इथल्या मराठी मंडळात कुणी नवीन घर घेतलं की फोन मलाच. ‘इंडियाला जाताना हीट कमी करा, पण बंद करू नका, पाणी गोठून पाइप फुटतील’ — किती जणांना हे ऐकवलं असेल मी! मोठा शहाणा.

दोन हजार चार साली तिथं अमोल आणि शिल्पा राहायला आले. नागपूरचे, नुकतंच लग्न झालेलं. तो आयटीत. ती फिजिओथेरपिस्ट, पण इथं त्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, त्यामुळे घरात बसून लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास करायची. हुशार पोरगी. डायनिंग टेबलवर हाडांची चित्रं पसरलेली असायची, आणि मी फिल्टर बदलायला गेलो की ‘काका, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही’ म्हणून दरडावायची. आम्हाला काका-काकू म्हणायची, आणि नुसती म्हणायला म्हणून नाही.

डिसेंबरमध्ये ते नागपूरला निघाले, तिच्या भावाच्या लग्नाला. किल्ली द्यायला तीच आली. खिडकीतल्या कढीपत्त्याच्या रोपाला पाणी घाला म्हणाली. इथल्या थंडीत कढीपत्ता जगवणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. मूल सांभाळावं तसा सांभाळतात लोक. आणि जाता जाता दारातून म्हणाली, “काका, रोपासाठी हीट चालूच ठेवलीय हं. चालेल ना?”

मी म्हणालो, “चालेल की.”

ऐकलं होतं मी. स्पष्ट ऐकलं होतं. हे नीट लक्षात ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात पाणी घालायला गेलो, तर घर कसं उबदार! थर्मोस्टॅट बहात्तर फॅरनहाइटवर. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हीटचं बिल मी भरत होतो — भाडेकरू पटकन मिळावा म्हणून हीट भाड्यात धरायची अक्कल माझीच. रिकामं घर तापतंय, एका झाडासाठी, माझ्या जिवावर? ती झाडासाठी म्हणाली होती, मग मला काय वाटलं होतं, किती ठेवेल? आणि ते रोप उचलून माझ्या घरी न्यायला काय हात मोडले होते माझे? पण नाही. रागारागानं थर्मोस्टॅटचं बटण दाबलं. कमी नाही केलं — बंद केलं. जगाला शिकवणाऱ्यानं बंद केलं, आणि पाण्याचा मुख्य कॉकही न फिरवता दार ओढून निघून आलो. उद्या येऊन थोडी चालू करू म्हटलं. गेलोच नाही.

मग ती थंडी पडली. शेजारणीचा फोन आला, तुमच्या गॅरेजखालून पाणी येऊन गोठलंय म्हणून. आत पाऊल टाकलं तर दिवाणखान्याचं छत खाली आलेलं, कार्पेटवर पाणी, आणि डायनिंग टेबलवरच्या शिल्पाच्या सगळ्या नोट्सचा लगदा झालेला. प्लंबर आला. थर्मोस्टॅट बघून त्यानं विचारलं, हीट कुणी बंद केली? आणि माझ्या तोंडून एकच शब्द आला — “टेनंट्स.”

तो हसला. त्याला पटलं. सगळ्यांनाच पटलं! आपली देशी माणसं काटकसरीपायी हीट बंद करून इंडियाला जातात, हे तर सगळ्यांना ठाऊकच. मला काही रचावंसुद्धा लागलं नाही. यार, इतकं सोपं होतं ते.

कॉलिंग कार्ड लावून नागपूरला फोन केला. मागे लग्नघरातला गोंधळ. हीट बंद होती म्हणून पाइप फुटले, असं शिल्पाला सांगितलं. ती म्हणाली, “पण काका, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? रोपासाठी चालू ठेवलीय म्हणून?”

एक ‘हो’ म्हणायचं होतं हो! जीभ झडली होती का माझी? मी म्हणालो, “मला तर काही आठवत नाही, बेटा.” बेटा म्हणालो. वर ‘बेटा’ म्हणालो.

अमोलचा आवाज ऐकू आला — “काका कशाला खोटं बोलतील? तूच विसरली असशील. नेहमीचंच आहे तुझं.”

मग ती हळूच म्हणाली, “सॉरी काका. मीच केली असेल बंद.”

ते परत आले. मी छत दुरुस्त करून घेतलं, त्यांना राहू दिलं, आणि लोक म्हणाले काय मोठं मन! मंडळाच्या हळदीकुंकवात बायका तिला चिडवायच्या, ‘गॅस बंद करून आलीस ना गं?’ तीही हसायची. पण मी बघत होतो. गाडीत बसलेली ती उतरून पुन्हा कुलूप ओढून बघायला जायची, आणि अमोल हॉर्न वाजवायचा. नवीन नोट्स काढायला घेतल्या होत्या, त्या थांबल्या. हिनं एकदा विचारलं, परीक्षा कधी गं? तर म्हणाली, “नको काकू. माझ्या लक्षात काही राहत नाही. पेशंटचं काहीतरी भलतंच करून ठेवीन.” मी समोर बसलो होतो. हातात पोह्यांची बशी होती. खात राहिलो.

रागावलो होतो मी, ठाऊक आहे? तिच्यावर! इतक्या लवकर विश्वास का ठेवतेस, भांड ना माझ्याशी, म्हण ना की काका तुम्ही खोटारडे आहात! स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्या पांढऱ्या केसांवर जास्त भरवसा ठेवणाऱ्या त्या पोरीचा मला राग यायचा. बघा, कसला माणूस तुमच्याशी बोलतोय.

दोन हजार सातमध्ये अमोलला टेक्सासमध्ये नोकरी लागली. फ्रिस्कोला जाण्याआधी दोघं पेढे घेऊन घरी आले. परीक्षेचा विषय तोवर कायमचा मिटलेला होता. निघताना शिल्पा वाकली, नमस्कार करायला. म्हणाली, “काका, माझ्यामुळे तुमचं एवढं नुकसान झालं, पण तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.”

तिचं कपाळ माझ्या पायाला लागलं. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “सुखी राहा. आणि जरा लक्षात ठेवत जा गं.”