ताईची मोडतोड

आमची ताई इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक आहे आणि मोडतोड हा तिचा धंदा आहे. घरात तिच्या हातून कधी साधी बशी फुटली नाही, पण संगणकावर तिने धरणं फोडली, विमानांचे पंख मोडले. वस्तूचे बारीक बारीक हजारो तुकडे कल्पायचे, प्रत्येकावर किती ताण येतो ते मोजायचं आणि तडा कुठे जाईल ते आधीच सांगायचं. एवढ्यासाठी तिने डोळ्यांची पार वाट लावून घेतली. भावजी म्हणतात, "हिच्याशी भांडायची सोय नाही. मी कुठल्या वाक्याला तडकणार, हे हिला आधीच ठाऊक असतं."

बाल्कनीची स्लॅब किती वजन पेलेल हे काढायची तिची एक पद्धत आहे. ती तिची आयुष्यभराची कमाई. निवृत्ती चार महिन्यांवर आली असताना त्या पद्धतीची परीक्षा ठरली. प्रयोगशाळेत खरी भिंत बांधली आणि तिच्यातून खरी स्लॅब बाहेर काढली. ताईने सांगितलेल्याच वजनावर स्लॅबला तडा गेला, तर बांधकाम खातं तिची पद्धत वापरणार. नाहीतर सगळं काम कपाटात. ताईला अन्न गोड लागेना. मला तिने आधाराला नेलं, म्हणजे पर्स सांभाळायला.

स्लॅबवर एकेक लोखंडी वजन चढू लागलं. ताई आकड्यांवर डोळे लावून बसली होती. निम्मं वजनही झालं नव्हतं, तोच धाडकन आवाज झाला. मी पर्ससकट टेबलाखाली.

धुरळा बसला तेव्हा स्लॅब जमिनीवर पडलेली दिसली. अख्खी, कुठे तडा नाही. उखडली होती ती भिंत. ताईच्या प्रोग्रॅममध्ये भिंत कधी हलायचीच नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून तिने पहिल्याच दिवशी तसं ठरवून टाकलं होतं आणि पुढे भिंतही हलू शकते हे तिच्याच काय, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

विभागप्रमुख हे हुशार गृहस्थ. ते हळूच म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. स्लॅब तर ठणठणीत आहे. भिंत कच्ची होती असं लिहू अहवालात. पद्धत पास!"

मी मनात म्हटलं, ताई, हो म्हण, सुटलीस.

ताईने चष्म्यावरची धूळ पुसली. "आणि बाल्कनीतून खाली पडलेल्याला काय सांगू? बाबा रे, स्लॅब ठणठणीत आहे?"

अहवालात ताईने स्वतःच्या हाताने स्वतःच्याच पद्धतीला नापास केलं.

गाडीत बसल्यावर मात्र तिचा बांध फुटला. मलाही भरून आलं. ताई रडतेय म्हणून वाईट वाटत होतं आणि तिचा अभिमानही वाटत होता. पण तोंडातून निघालं भलतंच. "जाऊ दे गं. चार महिन्यांत आता काय होणार आहे?"

तिने नाक पुसलं. "भिंत हलायला शिकेल. गाडी वळव, माझा संगणक आतच राहिलाय."