खुर्शिदबाईंचा सोवळा कॉम्प्युटर

खुर्शिदबाईंना किळस फार. आता एकतीस वर्षं यवतच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला किळस कसली, असं कुणालाही वाटेल. रक्ताची, पुवाची, ओकारीची त्यांना कधीच आली नाही. ते काम होतं. त्यांना शिसारी यायची ती माणसांच्या सवयींची. थुंकी लावून नोटा मोजणारे, हगणदारीतून येऊन तोच हात पदराला पुसून भाकरी थापायला बसणारे, आणि सगळ्यात जास्त तो कंपाउंडर. नोकरीच्या पहिल्या वर्षांत गावात एक खाजगी डॉक्टर येत असे. त्याचा कंपाउंडर एकच सुई रांगेतल्या वीस जणांना टोचायचा, मधे नुसती फडक्याला पुसायचा. खुर्शिदबाईंनी ते एकदा पाहिलं आणि भर रांगेत त्याच्या हातातली सिरिंज काढून फेकून दिली. यवतमध्ये ही गोष्ट तीस वर्षं सांगत होते, कुणी कौतुकाने, कुणी तोंड वाकडं करून.

निवृत्तीनंतर मुलगा इम्तियाज बंगलोरला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर आईकडे ठेवून गेला. आळीतला तो पहिलाच. खुर्शिदबाईंनी त्याला आतल्या खोलीत जागा दिली, प्लॅस्टिकचं आवरण शिवलं आणि चप्पल बाहेर काढल्याशिवाय त्या खोलीत यायचं नाही असा नियम केला. लोक हसले. मग वर्षभर त्या दोन बोटांनी त्यावर काहीतरी टाईप करत बसल्या, तेव्हाही लोक हसलेच.

त्या टाईप करत होत्या ती त्यांच्या वह्यांमधली यादी. बाईंनी केलेलं प्रत्येक बाळंतपण त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं होतं. आईचं नाव, गाव, तारीख, वेळ, मूल मुलगा की मुलगी, वजन. दोन हजार चारशे एकोणीस जन्म. निम्म्या गावाच्या जन्माची दुसरीकडे कुठे नोंदच नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना सरसकट एक जून ही तारीख चिकटवलेली, साल मनाला येईल ते. मग नोकरीला, पासपोर्टला, कशालाही अडलं की माणसं बाईंकडे यायची. बाई यादीतलं पान छापून खाली सही करून द्यायच्या आणि गरज पडली तर दौंडला तहसीलात साक्षीला उभ्या राहायच्या.

टाईप करून झालं तेव्हा वह्यांना वाळवी लागलेली होती. पान उलटलं की पांढरे किडे वळवळायचे. बाईंना ते बघवेना. त्यांनी अंगणात सगळ्या वह्या जाळून टाकल्या, वर रॉकेल ओतून, आणि जागा फिनेलने धुतली. इम्तियाज फोनवर म्हणाला, "अम्मी, निदान एका पेनड्राईव्हवर उतरवून तरी ठेव." बाई म्हणाल्या, "ते घाणेरडं मी घरात आणणार नाही."

पेनड्राईव्हबद्दल हे मत होण्याचं कारण सर्जेराव. दौंडचा हा गडी मोटारसायकलवरून गावोगाव हिंडून कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बाईंच्या कॉम्प्युटरात ॲन्टीव्हायरस त्यानेच घातला होता, नव्या कोऱ्या सीडीवरून. घरात इंटरनेट नव्हतं, म्हणून दर महिन्याला त्याचं अपडेट तो स्वतः घेऊन यायचा. गळ्यात दोरीला पेनड्राईव्ह लटकवलेला असायचा. पहिल्याच महिन्यात तो पेनड्राईव्ह खुपसायला वाकला आणि बाईंनी त्याचा हात धरला.

"हा आधी कुठं घातला होतास?"

"कुठं म्हंजी? सकाळी पाटसला दोन घरं केली, मग एका सरांकडं, आन् आता तुमच्याकडं, मावशी."

"आन् मधे काय केलंस त्याचं?"

सर्जेराव गोंधळला. "त्याचं काय करायचं असतंय?"

बाईंना डोळ्यांसमोर तो कंपाउंडरच दिसला. तेच ते, फडक्याला पुसायचं आणि पुढच्याला टोचायचं. रोग बरा करायला निघालेला माणूसच घरोघर रोग वाटत फिरतोय, आणि वर त्याचा मान ठेवायचा. त्यांनी सर्जेरावाला चहा दिला, पण पेनड्राईव्ह लावू दिला नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही, तिसऱ्यातही नाही. तो जाताना म्हणाला, "मावशी, औषध जुनं झालं की नव्या रोगाला चालत न्हाई." बाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मग दिवाळीनंतर शेजारच्या भामाबाईच्या मुलाचं, सत्यजीतचं लग्न झालं. फोटोवाल्याने फोटो पेनड्राईव्हवर दिले. अल्बम यायला महिना होता आणि भामाबाईला धीर नव्हता. ती चार बायका घेऊन, नव्या सुनेला पुढे घालून बाईंच्या दारात हजर. पंचवीस वर्षांचा घरोबा, आणि चेहऱ्यावर नुसता आनंद.

बाई म्हणाल्या, "भामाबाई, तेवढा सर्जेरावाकडून तपासून आणा. न्हाईतर फोटोवाल्याला म्हणा सीडी दे. मग हवा तेवढा वेळ बघा."

"का वो? त्यात काय हाय?"

"काय हाय ते दिसत न्हाई, म्हणून तर."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सून अवघडली. भामाबाईचा चेहरा उतरला आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, आमच्या वस्तूचा इटाळ व्हतो व्हय तुमाला?"

हा शब्द, आणि या बाईच्या तोंडून! खुर्शिदबाईंना कानशिलात बसल्यासारखं झालं. एकतीस वर्षं या गावांतून फिरताना किती घरांनी त्यांच्यासाठी ओट्यावर वेगळा कप ठेवला होता, याचा हिशोब त्यांनी कुठल्या वहीत लिहिला नव्हता. मूल यांच्या हातांनी बाहेर काढायचं, नाळ यांनी कापायची, आणि चहा मात्र उंबऱ्याबाहेर. आयुष्यभर ज्या गोष्टीची शिसारी बाळगली, तीच आपण करतो असं आळीत बोललं जाणार? ते त्यांना सोसलं नसतं. पेनड्राईव्हची घाण परवडली.

"आणा इकडं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने तो खुपसला.

पडद्यावर पिवळी फोल्डरं आली. "ह्ये, ह्ये दाबा," भामाबाई म्हणाली. बाईंनी दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग फोटो उघडले, बायका हसल्या, सून लाजली. बाई मागे उभ्या राहून त्या पेनड्राईव्हकडे बघत होत्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी माऊससुद्धा डेटॉलच्या बोळ्याने पुसला.

पाचव्या दिवशी भामाबाईची धाकटी, अनिता आली. ती पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज पहाटे हायवेच्या कडेने पळायची. शाळेच्या दाखल्यावर एक जून एक्याऐंशी लिहिलेलं, त्या हिशोबाने वय उलटून गेलेलं. खरा जन्म पुढच्या वर्षातला. जन्माची नोंद उशिरा करून मिळणार होती, पण त्याला बाईंच्या यादीचं पान हवं होतं, आणि अर्जाला दोनच दिवस राहिले होते.

बाईंनी कॉम्प्युटर लावला, फाईल उघडली. आत इंग्रजीत एक निरर्थक ओळ होती, बस. दुसरी फाईल उघडली, तीच ओळ. सगळ्या सालांच्या फायली, सगळ्यांत तीच ओळ.

अनिताने सर्जेरावाला बोलावून आणलं, पाठोपाठ भामाबाईही आली. तो तासभर खुडबुड करत बसला आणि मग पाठ सरळ करून म्हणाला, "त्या फोटोच्या पेनड्राईव्हातनं आलाय. नवा व्हायरस हाय. तुमच्या ॲन्टीव्हायरसला ह्यो ठावकीच न्हाई, तीन म्हैने अपडेट कुठं घेतलंय तुम्ही? मी देत व्हतो."

"आन् फायली?"

"गेल्या मावशी. आतलं पुसून वर ह्ये लिवून टाकलंय. फॉरमॅट मारतो, एकदम नव्यासारखा व्हईल."

नव्यासारखा! बाईंना त्या पडद्याची किळस आली, सर्जेरावाच्या गळ्यातल्या दोरीची आली, फोटोवाल्याची आली. आणि सगळ्यात जास्त स्वतःची. वह्या जाळणारी मीच, औषध नाकारणारी मीच, आणि चार बायकांत नाक वर राहावं म्हणून घाण स्वतःच्या हाताने आत घालणारीही मीच. त्या कंपाउंडरने निदान अडाणीपणाने केलं होतं.

भामाबाई समजुतीने म्हणाली, "जाऊ द्या बाई, मशीनच त्ये. अनीचं तेवढं कायतरी अंदाजानं लिवून द्या."

"अंदाजानं कशाला?"

बाईंनी कागद घेतला आणि न थांबता लिहिलं. भामाबाईचं नाव, मुलगी, एकोणीस ऑगस्ट एकोणीसशे ब्याऐंशी, गुरुवार, दुपारी सव्वादोन, वजन पावणेतीन किलो. खाली सही केली. "दौंडला मी येते साक्षीला," त्या अनिताला म्हणाल्या.

भामाबाई बघतच राहिली. "आत्ता गं बया! सगळी यादी गेली म्हणता, आन् येवढं कसं ध्यानात ऱ्हायलं?"

"तुम्ही आत बाजेवर होता," खुर्शिदबाई म्हणाल्या. "तुमच्या सासूबाईंनी मला ओट्यावर चहा दिला. कान तुटलेल्या कपात. पिऊन झाल्यावर मीच तो धुतला आन् कोनाड्यात पालथा ठेवला. त्यो दिवस न्हाई इसरले."

ज्या घरांनी त्यांना आत बसवून, ताटाशेजारी ताट मांडून जेवू घातलं होतं, त्या घरांतली एकही तारीख बाईंना आठवत नव्हती. त्या सगळ्या तारखा यादीत होत्या.

कागद भामाबाईच्या हातात होता. तिने तो घडी केला नाही की पदराखाली घेतला नाही. अनिताने आईकडे पाहिलं.

"कसला कप गं?" तिने विचारलं.