बंद तोंडाचं नळकांडं

केशरबाई सुनेवर रुसून क्रेनखाली जीव द्यायला उभी राहिली, अशी आवई गेल्या उन्हाळ्यात जालना एमआयडीसीतून निघाली ती थेट बदनापूर स्टेशनापर्यंत गेली. तिच्यात चिमूटभर मीठ मीही टाकलं. खोटं कशाला बोलू?

बाई अठ्ठावन्नची. लोखंडाच्या कारखान्यात भंगार निवडायची. नियम एकच, पण जिवाचा: तोंड बंद असलेली कुठलीच वस्तू भट्टीत जाऊ द्यायची नाही. आत काय कोंडलंय, कुणी पाहिलं? त्याच भट्टीवर तिचा मुलगा भारत कामाला.

त्या दिवशी परदेशी भंगारात तोफगोळ्यांची नळकांडी निघाली. एकाचं तोंड चेपून बंद झालेलं. बाईनं ते बाजूला काढलं. तेवढ्यात सुपरवायझर रामराव मालाच्या तपासणीचा कागद फडकवत आले. पेपर तोंडपाठ केल्याशिवाय हा माणूस कामावर येत नसे.

"दोस्त देशांचा माल आहे, केशरबाई. पाच-पंचवीस देशांनी फौजा एक केल्या. एकाला हात लावला की सगळे उठतात. म्हणून तिकडं शांतता."

"मंग ही नळकांडी कशाची?"

"सरावाची. लढाईची न्हाई."

"आपल्या गल्लीत पाच घरं मिळून रोज काठ्या फिरवायला लागली, तर समोरचा घरात कुऱ्हाड आणून ठेवील का न्हाई, साहेब?"

"काठी दिसली की चोर येत न्हाई, बाई!"

"चोर न्हाई येत. पण शेजाऱ्याचीबी झोप उडती."

सोबतच्या बाया फिदीफिदी हसल्या. रामरावांना ते झोंबलं. "तपासून शिक्का मारलाय," म्हणत त्यांनी नळकांडं उचललं आणि भंगाराच्या बकेटात भिरकावलं. क्रेननं बकेट उचललं.

केशरबाई ओरडली, पण त्या गोंगाटात ऐकतो कोण? पलीकडं भट्टीचं झाकण उघडं, आणि कडेला भारत पाठमोरा. बाई धावत जाऊन बकेटाच्या वाटेतच उभी राहिली. माणसाच्या डोक्यावरून ओझं न्यायचं नाही, हा क्रेनवाल्यांचा कायदा. क्रेनवर बबलू होता. बकेट दोन हातांवर थांबलं आणि वरच्या वर झुलायला लागलं.

"सरका! भट्टी थंडी होऊन राह्यली!" रामराव किंचाळले.

"बबलू, खाली घे रे."

"त्याची नोकरी जाईल, बाई!"

"माझीबी घ्या. पण खाली घे म्हणावं."

बबलूचा हात दांड्यावर. एकदा साहेबाकडं बघतो, एकदा बाईकडं. भोंगा वाजतोच आहे. शेवटी बकेट जमिनीला टेकलं, तेव्हाच ती वाटेतून सरली.

कारखान्यानं कळवल्यावर पोलीस आले, मागून बॉम्बवाले. त्यांनी नळकांडं माळावर नेऊन लांबून उघडलं. सून प्रिया त्याच आठवड्यात अंबडला माहेरी गेलेली, त्यामुळं लोकांना गोष्ट जुळवायला फार कष्ट पडले नाहीत.

भांडण झालंच नव्हतं. प्रिया बाळंतपणाला गेली होती. नळकांड्यात बारूद नव्हती, पाणी होतं. कोंडलेलं पाणी वितळलेल्या लोखंडात पडलं की त्याची एकदम वाफ होऊन भट्टी फुटते, आणि भट्टीच्या कडेला भारत उभा होता.