आरशाला अडकवलेले हेल्मेट

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गुन्ह्याचा, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. खिंडीतल्या निळ्या मोटारसायकलची घटना मात्र तासातासाने आठवते, कारण त्या दिवशी मी एका निर्दोष माणसाला जवळजवळ खुनी ठरवून मोकळा झालो होतो.

पेण-रोहा पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मोबाइल आले होते, पण डोंगरात शिरले की त्यांचा उपयोग वेळ बघण्यापुरता. पेणकडून रोह्याला येताना एक खिंड लागते. वळणे घेत रस्ता वर चढतो आणि माथ्यावर एक पॉइंट आहे. दगडी कठडा, थोडी सपाट जागा, खाली भातखाचरे आणि कुंडलिका नदीचा पट्टा. सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईकडचे मोटारसायकलवाले तिथे थांबून फोटो काढत. आम्हाला त्यांचे फारसे कौतुक नव्हते. आमच्या दृष्टीने ते म्हणजे आवाज, वेग आणि पावसाळ्यात एखादा अपघात.

मे महिन्यातला रविवार होता. दुपारी बाराच्या सुमारास पाच जण ठाण्यात आले. अंगावर जाड जाकिटे, चेहरे घामाने निथळलेले. त्यांचा म्होरक्या चाळिशीचा, बँकेत नोकरीला असलेला सभ्य गृहस्थ होता. तो म्हणाला, "साहेब, आम्ही सहा जण निघालो होतो. एक जण हरवलाय. परत जाऊन पाहिलं. गाडी वर पॉइंटवर उभी आहे, किल्ली गाडीलाच आहे, सामान आहे, माणूस नाही."

मी ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली आणि जीप काढली. वाटेत म्होरक्याने त्यांची पद्धत सांगितली. डोंगरातल्या रस्त्यावर ते एका ओळीत चालतात, ओळ मोडायची नाही. सर्वांत शेवटी एक अनुभवी माणूस असतो. त्याने कुणालाही मागे टाकायचे नाही. कुणी थांबला की त्यानेही थांबायचे. शेवटचा माणूस पोचला म्हणजे सगळे पोचले, असे ते धरतात.

"आज शेवटचा रोह्याला पोचला," तो म्हणाला, "आणि त्याच्या पुढचा पोचलाच नाही."

माझ्या हवालदाराने माझ्याकडे पाहिले. तो शेवटचा आमच्याच जीपमध्ये मागे बसला होता. तिशीतला, रुंद खांद्यांचा, आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. हवालदाराने त्याचे नाव त्याच क्षणी 'शेवटचा गडी' ठेवले आणि दिवसभर आम्ही त्याला तसेच म्हणत होतो.

पॉइंटवर निळी गाडी नीट स्टँडवर उभी होती. हेल्मेट डाव्या आरशाला अडकवलेले. झटापटीची खूण नाही, रक्त नाही, टायर घासल्याचा डाग नाही. दोन पंच बोलावून पंचनामा केला. कठड्यावरून खाली पाहिले तर सरळ कडा आणि त्याखाली दाट झुडुपे. हाका मारल्या. खिंडीतून जाणाऱ्या ट्रकांच्या हॉर्नशिवाय काही ऐकू आले नाही. वळणापलीकडे झाडाखाली डोंगरवाडीतली एक बाई करवंदांचे द्रोण घेऊन बसली होती. हवालदाराने तिला विचारले, "निळ्या गाडीचा माणूस पाहिलास का गो?" ती म्हणाली, "नाय बघितला." हवालदाराने तसे वहीत लिहिले आणि आम्ही पुढे गेलो.

दोरखंड घेऊन चार माणसे कड्याखाली उतरवायची व्यवस्था केली, गाडी आणि हेल्मेट ठाण्यात नेण्यास सांगितले. इतक्यात रोह्यातला एक ओळखीचा मुसलमान व्यापारी टेम्पो थांबवून खाली उतरला. सुकटीचा धंदा, पेणच्या बाजारात त्याचे नेहमी जाणे-येणे. फुकाच्या वार्ता देणारा माणूस नव्हे. त्याने मला बाजूला घेतले.

"साब, ही गाडी मी सकाळी पेणला बघितली. चहाच्या टपरीवर. या गाडीवाल्याची आणि त्याची," त्याने हळूच शेवटच्या गड्याकडे हनुवटी केली, "जबर बाचाबाची झाली. त्याने कॉलर धरली. म्हणाला, पुन्हा पुढे घुसलास तर दरीत ढकलून देईन. अल्लाकसम, माझ्या कानाने ऐकलं."

झाले. माझ्या डोक्यात सगळे जागच्या जागी बसले. भांडण आहे, धमकी आहे, दरी आहे, आणि हरवलेल्या माणसाच्या मागे एकटाच माणूस आहे. पोलिसाला इतके आयते कधी मिळत नाही आणि मिळाले की तो सुखावतो. मीही सुखावलो, हे आज लाज न बाळगता लिहितो.

ठाण्यात आणून शेवटच्या गड्याला माझ्या खोलीत बसवले. चहा मागवला. मारहाणीवर माझा कधीच विश्वास नव्हता. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवे ते बोलतो, घडलेले नाही.

"पेणला काय झालं?"

"भांडण झालं, साहेब. तो सारखा ओळ मोडत होता. आंधळ्या वळणावर ओव्हरटेक केलं त्याने. मी रागावलो."

"ढकलून देईन म्हणालास?"

"म्हणालो." त्याने मान खाली घातली. "बोलायची पद्धत असते, साहेब."

"पॉइंटवर गाडी दिसली तेव्हा काय केलंस?"

"दिसलीच नाही. मला वाटलं, तो नेहमीप्रमाणे पुढे पळाला."

निळी, चमचमती गाडी रस्त्यापासून दहा पावलांवर उभी, आणि याला दिसली नाही! मी काही बोललो नाही. फक्त त्याच्याकडे बघत बसलो. खोटे बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही. त्याचा चहा गार झाला, वर साय धरली. शेवटी त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"दिसली होती, साहेब. चढणीच्या पायथ्याशी माझी बॅग सैल झाली, ती बांधायला मी थांबलो. वीस मिनिटं मागे पडलो. वर आलो तर गाडी उभी. मी थांबायला हवं होतं. माझं कामच ते. पण राग गेला नव्हता. म्हटलं, काढ फोटो, बस एकटा. हॉर्न दिला आणि निघून आलो. आता सगळ्यांसमोर कुठल्या तोंडाने सांगू?"

हे खरे वाटत होते आणि मला ते खरे नको होते. मी उठून पुढच्या खोलीतून ते हेल्मेट आणले आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवले. उद्देश इतकाच की तो आणखी घाबरावा.

त्याने ते हातात घेतले, उलटे केले, आणि त्याचा रंगच उतरला.

"साहेब, हे असंच होतं?"

"असंच आरशाला होतं. आम्ही आरसा वळवून काढलं."

"याच्या पट्ट्याला गाठ आहे. बक्कल असताना गाठ कोण मारेल? आमच्यातला कुणी नाही." त्याने कडेवरून बोट फिरवले. तांबडी माती. आतल्या अस्तराला वाळके गवत चिकटले होते. "हे जमिनीवर होतं, साहेब. नंतर कुणीतरी उचलून लावलंय."

"बरं, मग?"

"आमच्यात खूण आहे. थांबलेल्या गाडीमागे हेल्मेट जमिनीवर ठेवलं म्हणजे मदत हवी. आरशाला किंवा सीटवर असलं म्हणजे मजेत थांबलाय. मी आरशाला बघितलं म्हणून तर..."  तो एकदम उठून म्हणाला, "साहेब, त्याने मला बोलावलं होतं. मला बाकी काहीही करा, पण आधी वर चला."

मी पंचनाम्याचा कागद काढला. 'हेल्मेट डाव्या आरशास अडकवलेले.' गाठीचा उल्लेख नाही, मातीचा नाही. सही माझी. शेवटच्या गड्याला घेऊन जीप काढली. साडेचार वाजून गेले होते. उजेडाचे दोन तास हाताशी होते.

जीप थेट त्या करवंदवालीपाशी थांबवली. ती पाटी आवरून निघण्याच्या बेतात होती. मी हेल्मेट दाखवले. ती म्हणाली, "व्हय, मीच उचलली. नवी कोरी टोपी मातीत पडलेली. हितं वांदरं लई. आमचं द्रोणसुदीक ठेवीत नाय. म्हटलं, कुनाची तरी वस्तू हाय, जपून ठेवावी. गाठ मारली आणि टांगली."

"अगं मग दुपारी सांगितलं का नाहीस?" हवालदार ओरडला.

"तुमी मानसाचा इचारलाव. टोपीचा कुठं इचारलाव?"

तिचे एक अक्षर खोटे नव्हते. टेम्पोवाल्यानेही खरेच सांगितले होते. दिवसभरात मी ऐकलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. त्या जुळवल्या मात्र मी चुकीच्या.

"टोपी कुठे पडली होती?"

तिने दाखवले. कठड्याकडे नव्हे, रस्त्याकडे नव्हे. गाडीच्या मागे, डोंगराच्या अंगाला, जिथून एक पायवाट झुडुपांत शिरत होती. आणि माझी माणसे पलीकडे कड्याखाली दोरांना लोंबकळत होती. ढकललेला माणूस जिथे पडेल तिथे मी शोधत होतो. स्वतःच्या पायांनी गेलेला माणूस कुठून जाईल, हे मी पाहिलेच नव्हते.

"ही वाट कुठे जाते?"

"खाली व्हाळाला. माजा घो तिथनंच करवंदा आनतो." मग फणकाऱ्याने म्हणाली, "आज दुसरी पाटी घेऊन आलाच नाय मेला. बसला असल कुठं माडी ढोसत. मी दिसभर वाट बघून दमली."

हे बोलता बोलता तिचा आवाज मध्येच थांबला.  पाटी तिथेच टाकून ती वाटेने धावत सुटली. तिच्यामागे शेवटचा गडी, मग मी.

वाट बरीच उतरते. वहाळ, म्हणजे तिथला ओढा, कोरडा होता, दोन्ही अंगाला उंच खडक, म्हणून आवाज वर रस्त्यापर्यंत येत नव्हता. तिच्या हाकेला पहिल्या वळणावर काही नाही, दुसऱ्यावर काही नाही. मोठ्या धोंड्याजवळ खालून कण्हल्यासारखा आवाज आला, "हितं गो, हितं!"

खडकाच्या सावलीत दोघे होते. म्हातारा करवंदे काढताना घसरून कमरेत दुखावला होता. त्याच्या शेजारी तो निळ्या गाडीवाला, एक पाय गुडघ्याखाली सुजून भोपळ्याएवढा झालेला, ओठ वाळलेले, पण शुद्धीवर. फोटो काढायला पायवाटेने थोडे खाली उतरल्यावर त्याला हाक ऐकू आली. गाडीपाशी येऊन हेल्मेट जमिनीवर ठेवून तो पुन्हा उतरला, म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन चढू लागला आणि दगड निसटला. त्याच्या बाटलीतले पाणी दोघांनी घोट घोट पुरवले होते.

बाई नवऱ्याच्या अंगावर ओरडली, "मी समजली माडी ढोसताव म्हून!" आणि त्याच दमात त्याच्या छातीवर डोके टेकून रडू लागली. म्हातारा तिला समजावत होता, "अगो, ह्या पोरानं मला हलू दिला नाय. सारखा सांगं, काका, मी टोपी ठेवून आलोय, माझा दोस्त मागनं येतोय, तो मला टाकून जायाचा नाय."

शेवटचा गडी जागच्या जागी खाली बसला. निळ्या गाडीवाल्याने त्याच्याकडे पाहिले आणि कसाबसा हसला. "उशीर केलास. आज मी ओळ मोडली नाही, बघ."

शेवटचा गडी पुढे सरकला. मित्राचा सुजलेला पाय अलगद मांडीवर घेऊन ओक्साबोक्शी रडला. मी तोंड फिरवून हवालदाराला म्हाताऱ्यासाठी डोली बांधायला सांगितले. माझ्याही डोळ्यांत पाणी आले होते आणि ते दुःखाचे नव्हते. दुपारपासून छातीवर बसलेले ओझे उतरले होते. मी मनात ज्याचा मुडदा धरून चाललो होतो तो माणूस जिवंत होता, आणि ज्याला खुनी धरले होते तो त्याला पाठीवर घेऊन चढत होता.

अंधार पडायच्या आत दोघे दवाखान्यात पोचले. म्हातारा महिन्याभरात हिंडू लागला, पायाचे हाड जुळायला थोडा जास्त वेळ लागला. मिसिंगची नोंद 'इसम मिळून आला' म्हणून निकाली निघाली. शेवटच्या गड्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही चार तास संशय घेतलात. मी जन्मभर घेणार आहे, स्वतःवर." मी त्याला म्हटले, रागाच्या भरात पुढे निघून जाणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. परत फिरणारी फार थोडी.

त्या प्रकरणाने मला शिकवले ते इतकेच. खबर खरी असली म्हणून तिचा अर्थ खरा असतो असे नाही, आणि साक्षीदार आपण विचारू तेवढेच सांगतो. पुढे मी नव्या फौजदारांना पंचनामा शिकवताना वस्तू कुठे आहे एवढ्यावर थांबू देत नसे. ती तिथे कुणी ठेवली, हेही विचारायला लावीत असे.

बदलीची ऑर्डर येण्याच्या आधी एकदा खिंडीतून जात होतो. करवंदवाली रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवू लागली. जीप थांबवली तर म्हणाली, "साहेब, टोपी भुईवर हाय! मी हात नाय लावला. हाका मारून घसा बसला, कोन ओ देत नाय!" एक लाल गाडी उभी होती आणि तिच्यामागे हेल्मेट पडले होते. मी, ड्रायव्हर आणि ती, तिघे पायवाटेने धावत खाली गेलो. वहाळाच्या थोडे अलीकडे एक तरुण जोडपे खडकावर बसून डबा खात होते. हेल्मेट त्यांनी सीटवर ठेवले होते. वांदराने पाडले.

बाई ओशाळली. म्हणाली, "तुमाला उगाच दवडवला, साहेब." माझी पँट काट्यांनी फाटली होती, धाप लागली होती. मी तिच्याकडून करवंदांचे दोन द्रोण घेतले, एक त्या जोडप्याला दिला आणि म्हटले, "पुन्हा दिसली तर पुन्हा बोलाव." इतकी फुकट गेलेली आणि इतकी गोड वाटलेली दुसरी धावपळ मला नोकरीत आठवत नाही.